कमी पैशांत चौरस आहार: चौघांच्या घराचा महिन्याचा हिशेब आणि स्वयंपाकाची रीत

किराण्याच्या यादीला कात्री लावायची वेळ आली की बहुतेक घरांत आधी आमटी पातळ होते, मग दूध अर्ध्यावर येते, फळ बंद होते आणि पाठोपाठ पालेभाजी जाते. गहू, तांदूळ, बटाटा, साखर आणि चहा मात्र टिकून राहतात, कारण त्यांनी पोट भरते आणि ते तुलनेने स्वस्तही पडतात. पोट भरलेले असूनही अंगात रक्त कमी, हातापायांत गोळे, मुलांची उंची खुंटलेली, असे चित्र यातूनच तयार होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामागे जंत, आजारपण, लागोपाठची बाळंतपणे अशी इतर कारणेही असतात. पण ताटात धान्याखेरीज फारसे काही नसणे हे त्यांतले मोठे कारण आहे.

या लेखातला मुख्य सल्ला एकच आहे. धान्यावरचा खर्च जितका वाचवता येईल तितका वाचवावा, आणि वाचलेला प्रत्येक रुपया ठरलेल्या क्रमाने खर्च करावा: आधी डाळ आणि कडधान्य, मग शेंगदाणे, मग पालेभाजी, मग अंडी किंवा दूध, आणि त्यानंतर बाकी सारे. हा क्रम प्रत्यक्षात कसा आणावा हे समजावे म्हणून पुढे आईवडील आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले अशा चौघांचे घर धरले आहे. हिशेबातले दर नमुन्यादाखल घेतले आहेत. आपल्या गावातले आणि आपल्या दुकानातले दर घालून हाच हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडावा.

पहिली पायरी: पैसे कुठे जातात ते लिहून काढणे

आठ दिवस खाण्यापिण्यावरचा प्रत्येक खर्च वहीत लिहावा. किराणा आणि भाजी तर लिहावीच, पण टपरीवरचा चहा, वडापाव, मुलांच्या हातात दिलेले पाच-दहा रुपये आणि पाहुण्यांसाठी आणलेला फरसाणही लिहावा. आठ दिवसांनी तीन बेरजा कराव्यात: घरी शिजवलेल्या अन्नाचा खर्च, बाहेरच्या खाण्याचा खर्च आणि पुड्यांतल्या खाऊचा खर्च.

तिसऱ्या बेरजेकडे विशेष लक्ष द्यावे. पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्यावर छापलेले वजन वाचले तर ते पुष्कळदा पंधरा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे किलोला तीनशे रुपयांहून अधिक दर पडतो. इतक्या पैशांत अडीच किलो तूरडाळ येते. साध्या ग्लुकोज बिस्किटांचा किलोचा भावही मसूरडाळीच्या जवळपास जातो, आणि त्यांत प्रथिने मात्र डाळीच्या चौथ्या हिश्शाइतकीच असतात. दोन मुलांना रोज एकेक पुडा दिला तर महिन्याचे तीनशे रुपये होतात. पुढच्या हिशेबात महिनाभराची अंडी दोनशे दहा रुपयांत बसतात, एवढे सांगितले तरी पुरे. मुलांचा खाऊ बंद करावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. तो खाऊ शेंगदाणा-गुळाच्या लाडवाचा, फुटाण्यांचा किंवा केळ्याचा असावा.

दुसरी पायरी: हक्काचे आधी घेणे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या घराला हे २० किलो मिळाले तर धान्यावरचे निदान सातशे रुपये वाचतात. शिधापत्रिकेवर मुलांची नावे चढवलेली नसणे आणि ई-केवायसी (आधारने ओळख पटवणे) राहून जाणे या दोन कारणांनी हे धान्य अनेकदा हातचे जाते, म्हणून ती कामे आधी उरकावीत. ऊसतोडीला किंवा बांधकामाला परगावी, परराज्यात गेलेल्या कुटुंबाला तिथल्या रास्त भाव दुकानातूनही त्याच शिधापत्रिकेवर धान्य उचलता येते. दुकानदार धान्य नाकारत असेल किंवा मापात कमी देत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

शिध्याच्या तांदळात कधी कधी काही दाणे जरा वेगळ्या रंगाचे आणि पाण्यावर तरंगणारे दिसतात. त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून वेचून टाकणारी घरे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ते तांदळाच्याच पिठापासून बनवलेले, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले पोषणयुक्त दाणे असतात आणि शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात ते तांदळात घातलेले असतात. ते वेचू नयेत. तांदूळ हलक्या हाताने एक-दोनदाच धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवून पाणी त्यातच जिरवावे. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा रुग्ण असेल तर मात्र या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सहा महिने ते तीन वर्षे वयाची बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण मिळते, आणि सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. आपल्या घरातला पाच वर्षांचा मुलगा अंगणवाडीत आणि नऊ वर्षांची मुलगी शाळेत जेवत असेल, तर त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे त्यांच्याच दुधा-अंड्यांत घालावेत.

तिसरी पायरी: किलोचा नव्हे, प्रथिनांचा भाव काढणे

स्वस्त काय आणि महाग काय, याचा निवाडा किलोच्या भावावरून केला तर हमखास फसगत होते. दहा ग्रॅम प्रथिने किती रुपयांना पडतात, हे पाहावे. हिशेब सोपा आहे: शंभर ग्रॅम पदार्थाची किंमत घ्यावी, त्यात असलेल्या प्रथिनांच्या ग्रॅमने तिला भागावे आणि दहाने गुणावे.

तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर शंभर ग्रॅमला १२ रुपये पडतात आणि त्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दहा ग्रॅम प्रथिने साधारण साडेपाच रुपयांना पडली. मसूरडाळ ९० रुपये किलो असेल तर हाच आकडा पावणेचार रुपयांवर येतो. हरभरे ८० रुपये किलो असतील तर चार-सव्वाचार रुपये, शेंगदाणे १३० रुपये किलो असतील तर सव्वापाच रुपये. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे १२० रुपये किलोच्या भावानेही दहा ग्रॅम प्रथिने सव्वादोन-अडीच रुपयांतच मिळतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे सुमारे पावणेबारा रुपये. ५६ रुपये लिटरच्या दुधातून तीच प्रथिने साडेसतरा रुपयांना पडतात, आणि पनीर त्याहून महाग पडते. डबाबंद शक्तिवर्धक पेयांचा हिशेब आपला आपण करून पाहावा. तो पाहिल्यावर या बजेटमध्ये त्यांना जागा देण्याचे कारण उरत नाही.

याचा अर्थ दूध आणि अंडी सोडून द्यावीत असा नाही. बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य अन्नातच मिळते, आणि अंड्यातली व दुधातली प्रथिने शरीराला अधिक सहज वापरता येतात. अर्थ एवढाच, की प्रथिनांचा मुख्य भार डाळ, कडधान्ये, शेंगदाणे आणि सोयाबीन यांनी उचलावा आणि दूध-अंड्यांनी वरची उणीव भरून काढावी. डाळीतल्या प्रथिनांत जे कमी असते ते धान्यात असते आणि धान्यात जे कमी असते ते डाळीत असते. वरण-भात, भाकरी-उसळ, खिचडी, थालीपीठ या जोड्या त्यामुळेच पोषणाच्या दृष्टीने भक्कम ठरतात. अट एकच: प्रमाण तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ असे असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या (कॅलरींच्या) दिवसभराच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ किंवा त्याऐवजी मांस-अंडी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध असे माप सांगितले आहे. ते सारे कमी पैशांत तंतोतंत जमत नाही, पण त्याच्या बरेच जवळ जाता येते.

चौथी पायरी: महिन्याची यादी

चौघांसाठी महिन्याला ३५ किलो धान्य धरावे. त्यातले २० किलो शिधापत्रिकेवरचे असेल, तर उरलेले १५ किलो विकत घ्यायचे.

ज्वारी ९ किलो, बाजरी ५ किलो, नाचणी १ किलो: ६३० रुपये.
तूरडाळ २ किलो, मसूरडाळ दीड किलो, मटकी किंवा मूग दीड किलो, हरभरे व हरभराडाळ दीड किलो, चवळी किंवा कुळीथ अर्धा किलो: ७१० रुपये.
सोयाबीनच्या वड्या अर्धा किलो: ६० रुपये.
शेंगदाणे २ किलो, तीळ पाव किलो: ३१० रुपये.
तेल अडीच किलो: ३७५ रुपये.
दूध रोज अर्धा लिटर: ८४० रुपये.
अंडी ३०: २१० रुपये.
भाज्या, कांदे-बटाट्यांसह रोज सरासरी एक किलो: १,०५० रुपये.
फळे: ३०० रुपये.
गूळ-साखर मिळून २ किलो, चहा, आयोडीनयुक्त मीठ आणि मसाले: ३९० रुपये.

एकूण ४,८७५ रुपये होतात, म्हणजे माणशी रोज साधारण ४१ रुपये. शिधापत्रिकेवरचे धान्य मिळत नसेल तर सातशे-सव्वासातशे रुपये वाढतील. दळणाचे आणि गॅसचे पैसे यात धरलेले नाहीत.

या यादीतून घराला दिवसाला दोनशे ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. चौघांची मिळून गरज साधारण दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पुरेशी सवलत राहते. उष्मांक दिवसाला सात हजारांच्या घरात जातात, आणि ते बैठे किंवा हलके काम करणाऱ्या घराला पुरतात. आईवडील दोघेही शेतात किंवा बांधकामावर अंगमेहनत करत असतील तर भाकरीचे धान्य आणखी सात-आठ किलोंनी वाढवावे. त्याला तीनशे रुपये लागतील, आणि त्यासाठी डाळीला हात लावू नये.

बजेट यापेक्षाही तुटपुंजे असेल तर कपात कुठून सुरू करावी, हेही ठरलेले असावे. आधी साखर आणि चहा कमी करावेत. मग दूध पाव लिटरवर आणून ते फक्त मुलांना द्यावे आणि त्यातून निघणाऱ्या ४२० रुपयांपैकी शंभरएक रुपयांची नाचणी आणि तीळ वाढवावेत. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम. त्यामुळे नाचणीची भाकरी, आंबील किंवा सत्त्व दुधाची कॅल्शियमची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. डाळ, शेंगदाणे आणि पालेभाजी मात्र शेवटपर्यंत कापू नयेत.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. सुटे शेंगदाणे घेताना खवट, काळपट किंवा बुरशी आलेले दाणे असतील तर ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, कारण त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ स्वस्त मिळते, पण महिनोन्‌महिने तीच मुख्य डाळ म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, म्हणून रोजच्या वापरात ती नसावी. कडधान्य एकदम घेणे परवडत असेल तर सुगीनंतर घ्यावे, कडकडीत उन्ह दाखवावे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

पाचवी पायरी: भाजी आणि फळ

भाजीच्या बाबतीत आठवडाभराची यादी आधी ठरवून बाजारात जाऊ नये. बाजारात काय स्वस्त आहे ते पाहून बेत ठरवावा. नियम एवढाच ठेवावा की आठवड्यातून निदान चार दिवस पालेभाजी असावी, दोन दिवस भोपळा किंवा गाजरासारखी पिवळी-केशरी भाजी असावी, आणि बटाटा हा भाजीचा जोडीदार असावा, एकटाच भाजी म्हणून नसावा. गावोगावच्या आठवडी बाजारात सूर्य कलल्यावर पालेभाजीचे भाव उतरतात, कारण ती विक्रेत्याला दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. अशा वेळी तीन-चार जुड्या घ्याव्यात, घरी येताच निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि दोन दिवसांत संपवाव्यात.

दुर्लक्षित भाज्या बहुधा सर्वांत स्वस्त असतात. तांदुळजा, माठ, चुका, अंबाडी, घोळ, मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला यांत लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व अ तयार करणारी द्रव्ये विपुल असतात. कोबी-फ्लॉवरच्या मानाने यांच्याकडे लोक कमी वळतात, हे दुर्दैव आहे. मुळा घेताना विक्रेत्याला पाला मोडू देऊ नये. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या जवळजवळ फुकट मिळतात. त्या ओळखणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच घ्याव्यात आणि रूढ पद्धतीनेच शिजवाव्यात.

शेवग्याचे झाड दारात किंवा शेजारी असेल तर शेंगांपेक्षा पाल्याचे मोल अधिक मानावे. कोवळा पाला धुऊन, निथळून, कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवावा. दोन-तीन दिवसांत तो चुरचुरीत होतो आणि मग हाताने चुरडून चाळून बाटलीत भरता येतो. भाकरीच्या किंवा थालिपिठाच्या पिठात माणशी एक चमचा घातला तर चवीत फारसा फरक पडत नाही. मराठवाड्यात हरभऱ्याचा पाला खुडून वाळवून ठेवण्याची चाल आहे, आणि उन्हाळ्यात भाजी महागते तेव्हा ती कामी येते. भाजीचे टंचाईचे दिवस असे आधीच तरून जाण्याची तजवीज पूर्वीच्या घरांत होती, ती पुन्हा सुरू करण्यासारखी आहे.

फळाबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. आजाऱ्याला सफरचंद नेण्याची पद्धत असली तरी क जीवनसत्त्वाच्या दृष्टीने सफरचंद अगदी दुबळे आहे: शंभर ग्रॅमला जेमतेम पाच मिलिग्रॅम. पेरूमध्ये तेच दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे अर्धा पेरूही पुरतो. आवळा तर याहून सरस. हिवाळ्यात पेरू, आवळे, बोरे, उन्हाळ्यात कैरी आणि बाजारात उतरल्यावर आंबा, पावसाळ्यात जांभूळ, आणि बारमाही केळी व पपई एवढ्यावर वर्ष निघते.

सहावी पायरी: रांधताना पोषण वाया न घालवणे

विकत आणलेले पोषण स्वयंपाकघरात बरेच वाया जाते, आणि ते वाचवायला पैसा लागत नाही. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात टाकून ठेवू नये. झाकण ठेवून शिजवावी. भाताचे पेज-पाणी ओतून देऊ नये, उरलेच तर आमटीत घालावे. पोळीचे पीठ चाळून कोंडा फेकू नये. डाळ-कडधान्य भिजवून शिजवले तर गॅसही कमी जळतो.

मोड आणण्याचे काम वाटते त्याहून सोपे आहे. एक वाटी मटकी तीनदा धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावी. सकाळपर्यंत ती दुपटीहून अधिक फुगते. पाणी पूर्ण निथळावे, कारण पाणी साचले तर मोड येण्याआधीच ती आंबते. ओल्या सुती कापडात सैल पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवावी, कापड वाळले तर त्यावर पाण्याचा हबका मारावा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि पुरचुंडी चुलीजवळ किंवा घोंगडीत ठेवावी लागते. मोड अर्ध्या बोटाएवढे झाले की उसळ करावी. बुळबुळीत झालेली, आंबूस वास येणारी मटकी टाकून द्यावी. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते, लोह शरीरात शोषले जाण्यातला अडथळा कमी होतो आणि उसळ पचायला हलकी होते. लहान मुलांना मोड कच्चे देऊ नयेत, शिजवूनच द्यावेत.

लोहाच्या बाबतीत ताटात काय आहे याइतकेच सोबत काय आहे हेही महत्त्वाचे आहे. बाजरी, पालेभाजी आणि कडधान्य यांतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याला आंबट सोबत लागते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, जेवणात कैरीची किंवा आवळ्याची चटणी ठेवावी, जेवणानंतर पेरूची फोड खावी. उलट चहा लोहाला अडवतो. जेवताना किंवा जेवणाला लागून चहा घेऊ नये, मध्ये निदान तासाभराचे अंतर ठेवावे. लोखंडी तवा आणि लोखंडी कढई वापरल्याने अन्नात थोडे लोह उतरते, विशेषतः आंबट भाजीत. मात्र शिजलेली भाजी त्या कढईत तशीच ठेवून देऊ नये.

सातवी पायरी: आठवड्याचा बेत आणि मोजून घेण्याची सवय

रोज घरात अडीचशे ग्रॅम डाळ-कडधान्य शिजले पाहिजे. घरातली आमटीची मध्यम वाटी भरून कोरडी डाळ घेतली तर ती साधारण सव्वाशे ग्रॅम होते. म्हणून सकाळी एक वाटी आणि संध्याकाळी एक वाटी, एवढे माप डोळ्यांपुढे ठेवावे. पातेले भरलेले दिसते म्हणून आमटी पुरेशी आहे असे समजू नये. कोरड्या डाळीची वाटी मोजावी.

सोमवारी सकाळी ज्वारीची भाकरी, तांदुळज्याची परतून भाजी आणि तुरीचे वरण करावे, रात्री मसूरडाळीची खिचडी आणि ताक. मंगळवारी मटकीची उसळ, पोळी, काकडीची किंवा मुळ्याची कोशिंबीर दाण्याचा कूट घालून; रात्री चुक्याची डाळ घातलेली पातळ भाजी आणि भात. बुधवारी अंड्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. अंडी खात नसतील त्या घरात सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करावा: वड्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून पिळून घेतल्या की उग्र वास जातो. गुरुवारी हरभऱ्याची उसळ आणि लाल भोपळ्याची भाजी. शुक्रवारी मिश्र पिठांचे थालीपीठ कांदा-कोथिंबीर घालून, सोबत दही. रात्री मेथीची मुगडाळ घातलेली भाजी. शनिवारी चवळीची आमटी, भात आणि कोबी-बटाटा. रविवारी पुन्हा अंडी, किंवा किनारपट्टीवर असाल तर मूठभर सुकट कांद्यावर परतून. सुकट थोडी लागते, प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर देते. मात्र ती खारवलेली असेल तर धुऊन घ्यावी आणि भाजीत वेगळे मीठ जपून घालावे.

न्याहारीला नाचणीची आंबील, दाणे घातलेले पोहे, रात्रीच्या भाकरीचा काला दही घालून, असे काही असावे. दाण्याची, तिळाची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी ताटात रोज हवी. माणशी एक मोठा चमचा चटणी म्हणजे तेलबियांचा वाटा आलाच. दाणे भाजून जाडसर कूट करून ठेवला की तो भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत सहज पडतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे मात्र देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूट किंवा लाडू द्यावा.

महिनाअखेरीसाठी एक डबा महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला भरून ठेवावा. त्यात अर्धा किलो बेसन किंवा कुळथाचे पीठ, पाव किलो दाणे, अर्धा किलो मसूरडाळ आणि शेवग्याच्या पाल्याची पूड असावी. ही वाढीव खरेदी नाही, यादीतल्या मालातूनच काढलेला भाग आहे. पैसे संपतात तेव्हा घरे चहा-पोळीवर येतात. या डब्यामुळे त्या दिवसांत पिठले-भाकरी आणि आमटी-भात टिकतो.

आठवी पायरी: घरातले वाटप

यादी कितीही नेटकी केली तरी वाढताना ती मोडू शकते. बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला आमटीचे पाणी आणि कढईतली खरवड येते. वास्तविक लोहाची गरज तिची सर्वांत जास्त आहे: प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. म्हणून डाळ, उसळ आणि भाजी जेवणाआधीच चार वाट्यांत वाढून ठेवावी. धान्य ज्याला लागेल तितके घ्यावे, पण वाटीतला वाटा ज्याचा त्याचा असावा. अंडी मोजून वाटावीत आणि मुलगी-मुलगा असा फरक करू नये. लहान मुलाचे पोट लहान असते, त्याला दोन जेवणांत सारे पुरवता येत नाही. दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि त्याच्या खिचडीत वरून चमचाभर तेल किंवा तूप घालावे.

जिथे केवळ आहार पुरत नाही

रक्तक्षय एकदा झाला की तो फक्त पालेभाजीने लवकर भरून निघत नाही. डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसणे, जिना चढताना धाप लागणे, सतत थकवा येणे, अशी लक्षणे असतील तर आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या घ्यायच्या असतात. मुलांना जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत दिली जाते, ती चुकवू नये, कारण जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे वजन दरमहा अंगणवाडीत करून घ्यावे, आणि लागोपाठ दोन महिने ते वाढले नाही किंवा पायांवर सूज दिसली तर आरोग्य केंद्रात न्यावे. अंडी, मासे, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्या आणि दूधही जेमतेम घेणाऱ्या माणसाच्या हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना सांगून करावी.

लोहाची गोळी दूध किंवा चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. मळमळत असेल तर गोळी बंद न करता रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर ती दिवसाच्या वेगळ्या वेळी घ्यावी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही.